घरातसुद्धा

माकेलेसीचं आणि माझं पहिलं भांडण तिच्या नवऱ्याला पुरून आल्यावर झालं. त्यात चूक माझी होती, हे मला कळायला पुढे वर्ष गेलं.

नाकोरोवाई या बेटावरच्या गावच्या दवाखान्यात मी एकटी नर्स. तेव्हा अकरा वर्षं झाली होती. मी लाऊ बेटांकडची, इथे बदलीवर आले आणि इथलीच होऊन बसले. डॉक्टर मोठ्या बेटावर, बोटीनं सहा तासांवर. बोट शनिवारी येते, समुद्र खवळला तर तीही नाही. आमच्याकडे घरटी एकाला तरी साखरेचा आजार आहे, म्हणून मंगळवार मी साखरेच्या लोकांसाठी ठेवलाय. लोक त्याला गोड मंगळवार म्हणतात आणि येताना माझ्यासाठी तळलेल्या पिठाचे गोळे घेऊन येतात. मी रागावते, मग ते तिथेच बसून आपापसात खाऊन टाकतात.

वाइसाके, म्हणजे माकेलेसीचा नवरा, त्यांच्यातलाच एक. नाताळात चर्चच्या आवारात जमिनीतली भट्टी उघडत होते. तापलेले दगड, वर केळीची पानं, पानांत डुक्कर आणि अळकुड्या. वाइसाके नेहमीसारखा अनवाणी, दगड बाजूला सारत होता. भाजल्या मांसाचा वास सुटला तेव्हा सगळे म्हणाले, यंदा डुक्कर झक्क भाजलंय. वाइसाकेही म्हणाला. तो दगडावर उभा होता आणि त्याला काही कळलं नव्हतं. साखरेनं त्याच्या तळव्यांची जाणीव कधीच खाऊन टाकली होती. त्यानं पंधरा दिवस झाडपाला बांधला आणि मग माझ्याकडे आला. पहिल्यांदा अंगठा कापला, मग अर्धं पाऊल, मग गुडघ्याखालचा पाय. बोटीवर दर खेपेला त्याला तिघं जण उचलून न्यायचे. दीड वर्षात माणूस तुकड्यातुकड्यानं गेला.

मयताच्या दिवशी सगळ्यांचं रडून झाल्यावर माकेलेसी माझ्यासमोर येऊन बसली. ती तेव्हा सत्तावन्नची. आडव्या हाडाची बाई, चर्चच्या गाण्यात तिचा आवाज पुरुषांच्याही खाली जायचा. तिच्यासारख्या केतकीच्या पातीच्या चटया पंचक्रोशीत कुणी विणत नसे. तिनं विचारलं, असं होणार हे तुला माहीत होतं का. मी म्हटलं, माहीत होतं, मी दर मंगळवारी त्याला सांगायची, पाय सांभाळा.

"पाय सांभाळा म्हणजे काय?" ती म्हणाली. "कुणी पाय टाकून देतं का? तुला नीट सांगता आलं नाही, पोरी."

मला राग आला. अकरा वर्षं घसा कोरडा केला, आणि वर हे ऐकायचं. मीही फणकाऱ्यानं म्हटलं की ऐकणाऱ्यानं कान उघडे ठेवायला हवेत. नवरा गेलेल्या बाईशी असं बोलायला नको होतं. पण बोलले.

तीन महिन्यांनी तिचीच साखर इथल्या मापात चौदा निघाली. सातच्या आत हवी, ती दुप्पट. मी तिचे पाय मांडीवर घेऊन तळव्याला नायलॉनचा बारीक दोरा टोचला आणि विचारत गेले, कळतंय का. ती डोळे मिटून नाही म्हणत गेली. दहा जागांपैकी आठ जागी नाही. मग तिनं डोळे उघडले आणि म्हणाली, आता नीट सांग.

या वेळी मी नीट सांगितलं. चिडूनच सांगितलं, पण एकेक शब्द सुटा करून. पायात कायम काहीतरी घालायचं. बाहेर, मळ्यात, खाजणात कालवं काढताना, चर्चमध्ये, घरातसुद्धा.

"घरातसुद्धा?" तिनं विचारलं.

"घरातसुद्धा."

आमच्याकडे हे बोलणं किती भलतं आहे, ते इथे राहिल्याशिवाय समजायचं नाही. घरात जमिनीवर चटई असते, चटईवर माणसं बसतात, जेवतात, झोपतात, पाहुण्याचा मान होतो तो तिच्यावरच. चप्पल घालून चटईवर पाय देणं म्हणजे यजमानाच्या तोंडावर पाय देणं. आणि माकेलेसी तर चटया विणणारी. पण तिनं तो शब्द उचलला आणि धरून ठेवला. पुढच्या बोटीनं मोठ्या बेटावरून तिच्यासाठी काळ्या, बोजड, पुरुषी सँडल आल्या. आत जाड गादी, वर चिकटपट्ट्या. पाहून बायका हसल्या. एकीनं विचारलं, पोलिसात भरती झालीस का. माकेलेसी म्हणाली, झाले, पहिलं तुलाच पकडणार आहे.

तिचं सगळंच असं असायचं. अळकुडी किती खायची विचारलं तर मी आपली मुठीएवढी म्हणाले. तिची मूठ माझ्या दोन मुठींएवढी. आमच्याकडे वयस्कर बाईला बुबू म्हणतात. मी म्हटलं बुबू, माझी मूठ. तर रोज जेवणाआधी पोरांकरवी माझ्या मुठीच्या मापाची अळकुडी निवडून घ्यायची आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणायची, आज सिस्टरची मूठ खाल्ली. चहातली साखर सोडली, पण त्या दिवसापासून चहाला चहा म्हणायची बंद झाली, गरम पाणी म्हणायची. वाइसाकेचा दाढीचा आरसा तिनं जमिनीवर ठेवला होता. रोज सकाळी त्याच्यावर एकेक पाय धरून तळवा बघायची, बोटांच्या बेचक्या बघायची. सँडलमध्ये हात घालून आत खडा-काटा चाचपायची आणि मगच पाय घालायची. तीन महिन्यांत साखर आठवर आली. मी शाबासकी दिली तर म्हणाली, आठ कशाची, सात म्हणाली होतीस.

मग एका मंगळवारी ती सँडल घालून थेट दवाखान्यात आली. मी नुकतीच फरशी पुसली होती. तिच्या चिखलाचे ठसे बघून माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, बुबू, चपला बाहेर.

ती जागची हलली नाही. तिनं दाराकडे मान वळवली. दारात माझ्या हातची पाटी होती, कृपया चपला बाहेर काढा. खाली फुलांची वेलही मीच काढली होती. पाटीच्या शेजारी पाय सांभाळण्याचं सरकारी चित्र. आणि पायरीखाली साखरेच्या अठरा माणसांच्या चपलांचा ढीग. आत बाकावर अठरा माणसं, छत्तीस उघडे पाय. त्यांतले पाच पट्टी बांधलेले.

"यातलं खरं कोणतं?" तिनं विचारलं. "तू सांगतेस ते, की तू लिहितेस ते?"

 मला तोंड लपवायला जागा राहिली नाही. बारा वर्षं मी या माणसांना पाय सांभाळा म्हणत होते आणि दर मंगळवारी त्यांचे पाय उघडे करवूनच आत घेत होते. मयतावर ती जे म्हणाली होती ते त्या क्षणी माझ्या गळ्याखाली उतरलं. मला नीट सांगता आलं नव्हतं. मी पाटी काढली. तिनं ती माझ्या हातातून घेतली आणि मागच्या पाणी उकळायच्या चुलीत घातली.

पुढचं वर्ष बरं गेलं. चर्चमध्येही ती सँडल घालून गेली. पाद्रीबाबा दोन रविवार घुश्शात होते, मग गाण्यात तिचा आवाज नको म्हणण्याची त्यांची हिंमत झाली नाही. आणि मग म्हातारे रातू वारले.

रातू म्हणजे आमच्या गावचे प्रमुख. ते माकेलेसीचे सख्खे मामा. मामाच्या मयतासाठी चार दिवस त्यांच्या घरी बसायचं, चटईवर, सगळ्या नात्यातल्या बायकांबरोबर. माकेलेसीनं सँडल दारात काढल्या. मला तिनं सांगितलं नाही आणि मीही नेमकी त्या आठवड्यात बाळंतपणासाठी पलीकडच्या खाडीवर होते. माणसाचा जीव असतो मामावर. तिला वाटलं चार दिवसांत काय होतंय. अंगणात कवड्या-शिंपल्यांचा चुरा पसरलेला होता, मोरीकडे जायचं ते त्याच्यावरून. पाचव्या दिवशी सकाळी आरशात बघितलं तर डाव्या पायाच्या अंगठ्याखाली शिंपल्याचं टोक रुतून मोडलेलं, भोवती मांस पांढरं झालेलं. तिला कळलंसुद्धा नव्हतं.

मी काढलं, धुतलं, भोवतीची मेलेली कातडी कापली. पण जखम खोल होती, माझ्या करंगळीचं टोक बसेल एवढी. शनिवारच्या बोटीनं तिला मोठ्या बेटावर घेऊन गेले. तिथला डॉक्टर तरुण, घाईतला, पण वाईट नव्हता. तो म्हणाला, हाडाला अजून लागलेलं नाही. सहा आठवडे देतो. पायावर भार नको, एक पाऊल अनवाणी नको. सहा आठवड्यांत मिटली नाही तर पुढचं अर्धं पाऊल काढायचं. त्यानं शस्त्रक्रियेची तारीखही लिहून टाकली.  परतताना किनारा दिसल्यावर माकेलेसी म्हणाली की वाइसाकेचंही अंगठ्यानंतर असंच अर्धं पाऊल गेलं होतं.

मी सँडलच्या गादीला जखमेच्या जागी भोक पाडलं, भोवती जाड नमदा चिकटवला, म्हणजे पाऊल टेकलं तरी जखमेवर दाब येऊ नये. एक दिवसाआड पट्टी. जखमेवर पातळ कागद ठेवून मी तिची कड पेननं काढून घ्यायची आणि तारीख घालून वहीत चिकटवायची. पहिले दोन आठवडे कागदावरचा गोल तसाच. तिसऱ्या आठवड्यात तो केसभर आत आला. माकेलेसीनं तो कागद नाकाशी धरून बघितला आणि म्हणाली, केस तुझा की माझा. तिचे केस राठ होते.

चौथ्या आठवड्यात कितिओने आला. नव्या रातूंना गादीवर बसवायचं होतं, म्हणजे म्हाताऱ्यांचा मुलगा इलाइतिया. रातूंच्या वतीनं गावाशी बोलायचं काम कितिओनेच्या घराण्याकडे. तो आमच्याकडे पट्टी चालू असतानाच आला, पायरीवर बसला आणि लांबलचक प्रस्तावना करून मुद्द्यावर आला. रातू बसतील ती चटई माकेलेसीनं विणली होती. आठ महिने विणत होती, म्हाताऱ्या मामासाठी म्हणून सुरू केली होती. रीत अशी की घराण्याच्या लेकी-भाच्यांपैकी सगळ्यात मोठीनं ती आत न्यायची आणि अंथरायची. माकेलेसीनंच अंथरावी, कितिओने म्हणाला. फक्त पायात काही नको. रातूंच्या घरात आजवर कुणी पायात घालून गेलेलं नाही आणि गादीच्या दिवशी तर प्रश्नच नाही. जमत नसेल तर घराण्यातली धाकटी लेक लाइसानी अंथरेल.

तो गेल्यावर मी माझी अक्कल पाजळली. लाइसानीला करू दे म्हटलं. नाहीतर चार जणींनी तुला खुर्चीसकट उचलून आत न्यावं. नाहीतर सँडलच्या तळाला चटईचे तुकडे शिवू, म्हणजे चटईवर चटईच टेकेल, कुणाचा अपमान नाही. मला ती युक्ती फार आवडली होती.

"मला उचलून न्यायचं नाही," ती म्हणाली. "वाइसाकेला उचलून न्यायचे. आणि चोरासारखी तळवे झाकूनही मी जाणार नाही. माझे पाय आजारी आहेत. त्यात लाज वाटण्यासारखं काय आहे ते मला आधी सांग."

 मला भीती वाटत होती, ते लपवत नाही. कितिओनेनं वर लिहिलं असतं की नर्स गावाच्या रितीभाती मोडायला शिकवते, तर माझी बदली झाली असती. पंधरा-वीस जणांच्या पट्ट्या चालू होत्या. त्यांचं काय, हे मी स्वतःला विचारत राहिले आणि चेहरा पाडून फिरत राहिले. माकेलेसीनं एकदाच विचारलं, येणार आहेस ना. मी हो म्हटलं.

गादीचा दिवस उन्हाचा होता. रातूंच्या पायरीखाली चपलांचा डोंगर. आत खालमानेनं बसलेली दीडशे माणसं, मधोमध यांगोनाचं, म्हणजे मुळ्या कुटून केलेल्या मानाच्या पेयाचं, लाकडी भांडं, पलीकडे इलाइतिया, झाडाच्या सालीच्या कापडाची नवी वस्त्रं नेसलेला, घामानं डबडबलेला. माकेलेसी गुंडाळलेली चटई खांद्यावर घेऊन आली. चटईचं मागचं टोक मी धरलं होतं. पायरीशी तिनं चटई माझ्याकडे दिली, पायरीवर बसली आणि बरोबर आणलेल्या तांब्यातल्या पाण्यानं सँडलचे तळ धुतले. घासून धुतले, खाचांमधली माती काडीनं काढली, नेसलेल्या कापडाच्या टोकानं पुसले. हे सगळं तिनं सावकाश केलं. पेल्यागणिक वाजणाऱ्या आतल्या टाळ्या थांबल्या होत्या. मग ती उठली, चटई परत खांद्यावर घेतली आणि दारात गेली.

कितिओने दारातच होता. तो हळू आवाजात म्हणाला, चपला.  त्याच्या खांद्यावरून तिनं आत बघितलं.

इलाइतिया तिचा मामेभाऊ. आमच्याकडे आते-मामे भावंडांना एकमेकांची टर उडवायची मुभा असते, ती रातूंनाही मोडता येत नाही. बाकी कुणी त्या दिवशी त्यांच्याकडे नजर उचलून बोललं असतं तर अनर्थ झाला असता. माकेलेसी बोलली.

"इलाइतिया, तुझ्या बापासाठी मी चार दिवस इथे अनवाणी बसले. त्या चार दिवसांनी माझ्या पायाला भोक पाडलंय. आज पुन्हा चपला काढायला लावलंस तर तुझ्या पोराच्या गादीच्या वेळी मला पायच काढून दारात ठेवावा लागेल. काय काढू ते तू सांग. पण मोठ्यानं सांग, सगळ्यांना ऐकू दे."

  इलाइतियानं डोळे मिटले. तो मुळात भित्रा माणूस, बापाच्या सावलीत वाढलेला, आणि पहिल्याच दिवशी त्याच्यावर हे आलं होतं. त्यानं कितिओनेकडे बघितलं. कितिओनेनं मान हलवली, नको म्हणून.

"लहानपणापासून तुझे पाय म्हशीसारखेच आहेत," इलाइतिया शेवटी म्हणाला. "आता लहान करून घेऊ नकोस, ओळखू येणार नाहीस. ये आत. चटई वाकडी पडली तर मात्र मी स्वतः हाकलीन."

मागच्या रांगांत हशा पिकला आणि दाबला गेला. माकेलेसी आत गेली. दारापासून गादीपर्यंत वीस-पंचवीस पावलं असतील. ओल्या रबराचा चुईचुई आवाज करत ती सगळी चालली, दीडशे माणसांच्या मधून, ताठ मानेनं. चटई सरळ पडली. तिची कधी वाकडी पडलीच नसती.

आनंदीआनंद झाला असं मात्र नाही. त्या दिवशी दुसऱ्या कुणीही चपला घातल्या नाहीत, माझ्या पट्टीवाल्या लोकांनीसुद्धा नाही. गाण्यातल्या दोन बायका माकेलेसीशी महिनाभर बोलल्या नाहीत. कितिओनेनं खरंच वर पत्र लिहिलं. मला लेखी उत्तर मागवलं गेलं. मी चार ओळींचं उत्तर दिलं की पेशंटनं माझ्या सूचनेप्रमाणे वर्तन केलं आणि तीच सूचना मी पुढेही देणार आहे. त्याच दिवशी ते पोस्टात टाकलं.

दुसऱ्या दिवशी पट्टी बदलताना मी तिला विचारलं की दारात भीती नाही का वाटली. ती म्हणाली, वाटली ना. मग आपल्या उघड्या तळव्याकडे आरशात बघत म्हणाली, "पण याला काहीच कळत नाही ग. याचं सगळं मलाच कळून घ्यायला लागतं." मला रडू आलं. तिनं मला कापूस दिला.

सहाव्या आठवड्याच्या शुक्रवारी मी कागद ठेवला आणि पेन टेकवायला कड सापडेना. मसुराच्या दाण्याएवढी गुलाबी, कोवळी कातडी, कोरडी. मी तीनदा बोट फिरवलं. डॉक्टरांना फोन केला तर त्यांचा विश्वास बसेना. म्हणाले, तारीख दिलेली आहे, पाठवून तर द्या, मी बघतो आणि ठरवतो. एरवी मी हो सर म्हणून फोन ठेवला असता. त्या दिवशी मी म्हटलं, सहा तास बोटीच्या लाकडावर बसवून नवी कातडी फाडायची नाही. फोटो पाठवते. वाटलं तर पुढच्या महिन्यात तुम्ही या.  मग म्हणाले, पाठवा फोटो. तासाभरानं त्यांचा फोन आला की तिला नका पाठवू.

शनिवारी बोट आली. माकेलेसी माझ्याबरोबर धक्क्यावर आली. फिलिमोने नाखवा पिठाची पोती उतरवून यादी घेऊन उभा राहिला. आजाऱ्यांची यादी वेगळी असते, त्यांना टपाखाली आडवं व्हायला जागा ठेवतात. त्यानं तिच्यासाठी गोणपाट अंथरून ठेवलं होतं. वाइसाकेलाही त्यानंच नेलं होतं तिन्ही खेपांना. त्यानं तिच्या पायांकडे न बघता म्हटलं, चल बाई, तुझं नाव आहे इथे.

मी म्हटलं, ती येत नाहीये, नाव खोड. फिलिमोने गोंधळला. म्हणाला, डॉक्टरांनी घातलेलं नाव मी कसं खोडू, सिस्टर, तू खोड आणि सही कर. मी खिशातलं पेन काढलं.

माकेलेसीनं ते माझ्या हातातून घेतलं.

"दे इकडे," ती म्हणाली. "माझं नाव मी खोडते."

तिनं यादी पोत्यावर ठेवली आणि नावावरून पेन इतक्या जोरानं ओढलं की कागद फाटला आणि पिठाच्या पोत्यावर निळी रेघ उठली.